पाठाची वही आणि पोथीचें चित्र



आजच्या भाषणाचें नांव ऐकून आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत शंका आली असेल कीं, हा गृहस्थ पोथ्यांविषयीं बोलणार कीं यंत्रांविषयीं? मला दोहोंविषयीं बोलावयाचें आहे. मी एक निवृत्त शाळामास्तर. माझे दोन जुने विद्यार्थी, त्यांपैकीं एक पुसदला असतात व दुसरे येथें यवतमाळांत, आणि मी असे आम्ही तिघे जण गेलीं कांहीं वर्षें महानुभावी पोथ्यांचीं छायाचित्रें घेऊन त्यांवरून पाठ उतरवून घेण्याचें काम सवडीसवडीनें करीत आहों. या कामांत आमच्या हातून एक चूक घडली. ती पोथी वाचण्यांतली नव्हती. पोथीचीं चित्रें संगणकांत कोठें व कशीं ठेवावीं यासंबंधींची होती. आतां शाळा, ग्रंथालयें, ग्रामपंचायती, नकाशे काढणारे, गाणीं ध्वनिमुद्रित करून ठेवणारे, सर्वांजवळच अशा जड फाईली सांठत चालल्या आहेत. म्हणून ही हकीकत घरगुती असली तरी आपणांपुढें मांडावी असें वाटलें.

यवतमाळाला जुन्या पोथ्यांचें वेड नवें नाहीं. य. खु. देशपांडे यांनीं याच गांवीं राहून शारदाश्रमाच्या द्वारें जुन्या पोथ्या व कागदपत्रें जमविलीं, आणि १९२५ सालीं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ लिहून, शतकानुशतकें मठांत बंद राहिलेल्या साहित्याची ओळख महाराष्ट्राला करून देण्यास मोठा हातभार लावला. या पोथ्यांपैकीं पुष्कळ सकळ लिपींत आहेत. एका अक्षराबद्दल दुसरें अक्षर योजावयाचें असा त्या लिपीचा संकेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं तो उलगडला. सुदैवानें आमची पोथी साध्या बाळबोधांत होती, नाहीं तर या वयांत मी त्या वाटेला गेलों नसतों.

महानुभावांचें नांव येथें उगीच घेतलें नाहीं. पाठांचा हिशेब ठेवण्याची कला त्यांच्याइतकी काळजीनें जोपासणारे लोक मराठींत दुसरे मला ठाऊक नाहींत. लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर, शके १२०० च्या सुमारास, म्हाइंभटांनीं तो ऋद्धिपुरास सिद्ध केला. ऋद्धिपूर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत आहे. ज्यानें लीळा डोळ्यांनीं पाहिली त्याच्याकडे स्वतः जावें, विचारावें, ऐकलेलें नागदेवाचार्यांपुढें ठेवावें आणि मगच लिहावें, अशी म्हाइंभटांची रीत होती. पुढें खिलजीच्या स्वारीच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली असें परंपरा सांगते. ज्यांना ती पाठ होती त्यांनीं ती स्मरणांतून पुनः उभी केली. आतां दहा जणांचें स्मरण म्हणजे दहा पाठ होणारच. पण पंथांतील जाणत्यांनीं त्यांतला एक खरा ठरवून बाकीचे बुडविले नाहींत. हिराइसेचा पाठ असा आहे, रामेश्वरबासांचा तसा आहे, परशरामबास आणखी निराळें सांगतात, असें त्या त्या नांवानिशीं त्यांनीं नमूद करून ठेवलें. अशा भिन्न पाठाला त्यांच्या परिभाषेंत 'वासना' म्हणतात. आमच्या पोथींतही लेखकानें कोठें कोठें समासांत बारीक अक्षरांनीं अशा वासना टिपल्या होत्या. ही गोष्ट कृपा करून ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

कोणीं बदललें, केव्हां बदललें, आणि पूर्वीं काय होतें, हा हिशेब संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही ठेवावा लागतो. एका प्रोग्रॅमवर वीस माणसें बसलीं म्हणजे त्यावांचून गत्यंतर नसतें. अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंतील मार्क रॉचकाइंड यांनीं १९७२ सालीं याची एक अगदीं आरंभीची व्यवस्था तयार केली. मागून इतर आल्या. आज जगभर जी चालते ती 'गिट' लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ च्या एप्रिलांत, आपल्या लिनक्सच्या कामासाठीं लिहिली.

गिट म्हणजे काय हें शेतकऱ्याला समजावून देतांना मला कधीं अडचण पडली नाहीं. शहरांतल्या सुशिक्षितालाच जास्त वेळ लागतो. पटवाऱ्यापाशीं गांव नमुना सहा असतो, त्याला आपण फेरफाराची वही म्हणतों. खरेदी झाली, वारस लागले, वांटणी झाली, कीं त्या वहींत क्रमांकानें नोंद पडते आणि तिच्या आधारें सातबारा बदलतो. सातबारा ही आजची स्थिति. फेरफार ही तेथपर्यंत येण्याची वाट. चुकलेली नोंद कोणी खरवडून काढीत नाहीं, ती रद्द झाल्याची दुसरी नोंद पडते. गिटचेंही असेंच आहे. भेद दोन. पटवाऱ्याची वही एकच असते, उलट गिटची सबंध वही, पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत, काम करणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर असते. दुसरें असें कीं, येथें क्रमांकाच्या जागीं ठसा असतो. मजकुरावर गणित करून अंक व अक्षरें मिळून चाळीस चिन्हांची एक खूण काढतात. मजकुरांत एक काना इकडचा तिकडे झाला तरी ती खूण पार बदलते. शिवाय प्रत्येक नोंदीच्या ठशांत मागच्या नोंदीचा ठसा गुंफलेला असतो. मधलें पान गुपचूप बदलावयाचें म्हटलें तर पुढचे सारे ठसे बदलतात आणि चोरी उघडकीस येते.

पाठाच्या कामाला ही वही अशी कांहीं जुळली कीं, ती मुळीं याच कामासाठीं केली असावी असें वाटावें. जुन्या पोथींत शब्दांमध्यें जागा सोडलेली नसते, आणि 'ख' व 'रव' हीं तर एकाच रूपाचीं दिसतात. पुसदकरांनीं एके ठिकाणीं 'ख' वाचला, यवतमाळकरांनीं 'रव'. दोन्ही वाचनें कारणासह व नांवासह वहींत राहिलीं. दोघांनीं एकाच दिवशीं निरनिराळ्या ओळी दुरुस्त केल्या तर गिट त्या आपोआप जुळवून घेतें. एकाच ओळीवर दोघांचे हात पडले तरच निवाड्यासाठीं माणसाला हांक मारतें.

हें सुख मजकुरापुरतें. चित्रांशीं गांठ पडली आणि आमचें शहाणपण सरलें.

पोथीच्या एका पृष्ठाचें चांगलें छायाचित्र आडवें ६००० व उभें ४००० ठिपक्यांचें धरा. ठिपके झाले २ कोटी ४० लाख. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट लागतात, म्हणजे न दाबलेलें एक चित्र ७२ मेगाबाइटांचें. आमची पोथी ३०० पानांची, पाठपोट ६०० पृष्ठें. सगळीं चित्रें मिळून सुमारें ४३ गिगाबाइट. त्याच ६०० पृष्ठांवरील सबंध मजकूर उतरवून काढला तर तो दोन-अडीच मेगाबाइटांत मावतो. एकाच पोथीचीं हीं दोन रूपें, पण एक दुसऱ्याच्या जवळजवळ अठरा हजार पट जड!

आणि नुसता जडपणा हीच अडचण असती तर मोठी चकती विकत घेऊन ती निभावतां आली असती. खरी अडचण निराळी आहे. ज्या फाईलींत माणसानें वाचावा असा मजकूर नसून केवळ यंत्राला कळणारे अंक असतात तिला बायनरी फाईल म्हणतात. चित्र, ध्वनिमुद्रण, चलच्चित्र हीं सर्व त्याच जातीचीं. मजकुराला ओळी असतात, चित्राला नसतात. ओळ नाहीं म्हणून 'येथें हें होतें, आतां हें झालें' असा फरक दाखवितां येत नाहीं, आणि दोघांनीं एकाच चित्रावर केलेलें काम जुळवूनही घेतां येत नाहीं. गिट दर नोंदीला फाईलीचें नवें रूप पुरेंच उचलून, दाबून ठेवतें. पुढें गठ्ठा बांधतांना एकमेकांसारखीं रूपें शोधून एक पुरें ठेवावयाचें व बाकीच्यांचे नुसते फरक ठेवावयाचे, असा तें संक्षेप करतें. मजकुरांत हा संक्षेप नामी साधतो. चित्र मात्र किंचित् उजळ केलें कीं डोळ्यांना फरक जाणवेल न जाणवेल, पण आंतील बहुतेक प्रत्येक ठिपक्याचा अंक बदललेला असतो. जेपेग जातीचें चित्र तर आधींच दाबलेलें. त्याच्या कोपऱ्यांतला एक डाग पुसून तें पुनः जतन केलें तरी बाइटांची रांग निराळीच होऊन बसते. मग गिट बिचारें काय करणार? तें दुसरें चित्र जवळजवळ सबंधच्या सबंध ठेवतें. तिसऱ्यांदा बदल केला कीं तिसरें.

हें सारें आज मला मुखोद्गत आहे. त्या वेळीं नव्हतें. आम्हीं ६०० चित्रें सरळ वहींत घातलीं. मग तीं सगळीं थोडीं उजळ करून पुनः घातलीं. मग पानाबाहेरचा टेबलाचा भाग व कडा कापून तिसऱ्यांदा घातलीं. वही शंभर गिगाबाइटांच्या घरांत गेली. गिटहबसारखी मोठी सार्वजनिक सेवा ५० मेगाबाइटांवरील फाईलीला इशारा देते आणि १०० वरील फाईल आंतच घेत नाहीं, हें ऐकून आम्ही तेव्हां तिला कंजूष म्हटलें होतें! इतक्यांत पुसदकरांनीं नवा संगणक घेतला. वही आणावयाची म्हणजे तिचा सबंध इतिहास आणावा लागतो. एका 'ख'चा 'रव' करण्यासाठीं शंभर गिगाबाइट ओढून घेणें आलें. तीन रात्री यंत्र चालू ठेवूनही तें काम तडीस गेलें नाहीं.

मग मीं एक शक्कल लढविली: चित्रें वहींतून काढून टाकलीं. वही तसूभरही हलकी झाली नाहीं! होणार कशी? काढून टाकल्याची ती नवी नोंद. जुन्या नोंदींत चित्रें होतीं तशींच होतीं. तीं समूळ काढण्याचा उपाय आहे, पण तो म्हणजे पहिल्या फेरफारापासून वही नव्यानें लिहून काढणें. तसें केलें कीं तेथून पुढचे सगळे ठसे बदलतात आणि ज्यांच्या ज्यांच्याजवळ जुनी वही आहे त्या सर्वांना ती टाकून नवी घ्यावी लागते. आम्हीं तेंही केलें. माझ्या कागदी टिपणवहींत पानापानांपुढें नोंदींच्या ठशांचीं पहिलीं सात चिन्हें लिहिलेलीं होतीं. त्या दिवसापासून त्यांतलें एकही चिन्ह कोठें लागूं पडेना. दोन वर्षांचे दाखले एका सायंकाळीं निकामी झाले.

या रोगावरील औषध पूर्वींच निघालेलें होतें. २०१५ च्या एप्रिलांत गिटहबनें 'गिट एलएफएस' या नांवाची एक जोड जाहीर केली. तिची कल्पना सोपी आहे, आणि पुनः सातबाऱ्यावरूनच सांगतों. सातबाऱ्यावर शेताचा नकाशा चिकटविलेला असतो काय? नाहीं. त्यावर गट क्रमांक असतो. नकाशा भूमि अभिलेखाच्या कचेरींत असतो, आणि लागला म्हणजे त्या क्रमांकावरून काढून घेतात. तसेंच येथें वहींत चित्राच्या जागीं तीन ओळींची एक चिठ्ठी राहते. पहिल्या ओळींत चिठ्ठीचा नमुना कोणता तें, दुसरींत चित्राचा चौसष्ट चिन्हांचा ठसा, तिसरींत चित्राचें वजन किती बाइट तें. चित्र स्वतः एका निराळ्या कोठारांत जातें. आपण पान उघडलें कीं जोड चिठ्ठी वाचते, कोठारांतून चित्र आणते आणि चिठ्ठीच्या जागीं मांडते. चित्र बदललें तर वहींत फक्त चिठ्ठी बदलते. जुनें चित्र जुन्या चिठ्ठीच्या आधारें कोठारांत सुरक्षित असतें. दोघांचें काम जुळवितां येत नाहीं म्हणून एकानें चित्र हातीं घेतलें असतां दुसऱ्यासाठीं त्याला कुलूप घालण्याचीही सोय आहे. आमची वही पुनः कांहीं मेगाबाइटांची झाली. पुसदकरांनीं ती चहा होईपर्यंत उतरवून घेतली.

पण या सोयीच्या पोटांत एक गोष्ट होती, ती आम्हां तिघांपैकीं एकाच्याही ध्यानांत आली नाहीं. गिटची सुरक्षितता कशांत आहे? सबंध वही प्रत्येकाजवळ असते यांत. एकाचें घर जळलें तरी दुसऱ्याच्या घरीं पहिल्या नोंदीपासून सर्व कांहीं शाबूत. लीळाचरित्र वांचलें तें याच कारणानें; हिराइसेच्या स्मरणांत ग्रंथ होता, ग्रंथ कोठें ठेवला आहे त्याची चिठ्ठी नव्हती. एलएफएसनें वही हलकी केली ती ही सुरक्षितता चित्रांपुरती काढून घेऊन. चिठ्ठ्या सर्वांपाशीं झाल्या, चित्रांचें कोठार मात्र एक.

तें कोठार यवतमाळकरांच्या घरच्या एका संगणकावर होतें. यवतमाळचा मे महिना आपणांस ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यांत एके दुपारीं त्या संगणकाची चकती बंद पडली ती पुनः चालू झाली नाहीं. बातमी आली तेव्हां मी अगदीं निश्चिंत होतों. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं सबंध वहीची एक ताजी प्रत निराळ्या चकतीवर घेण्याचा माझा नेम होता व तो मीं कधीं चुकविला नव्हता. कपाटांतून ती चकती काढली. ६०० फाईली जागच्या जागीं, नांवें बरोबर, क्रम बरोबर. पहिली उघडली, चित्र दिसेना. वजन पाहिलें: १३३ बाइट. दुसरी १३३, तिसरी १३३. माझ्या संगणकावर एलएफएसची जोड बसविलेलीच नव्हती, आणि ती नसली म्हणजे गिट कांहींएक तक्रार न करतां चिठ्ठ्या तेवढ्या आणून ठेवतें. ४३ गिगाबाइटांच्या पोथीचे माझ्याजवळ सुमारें ८० हजार बाइट होते. दोन वर्षें मी नेमानें चिठ्ठ्यांच्या नकला जपून ठेवीत होतों.

पुसदकरांच्या संगणकावर जोड होती, चित्रेंही होतीं. पण एलएफएस आपणहून सगळा इतिहास आणीत नाहीं. जें पान आज उघडें आहे त्याचेंच चित्र आणतें. सर्व काळचीं चित्रें हवीं असलीं तर 'फेच' या आज्ञेपुढें 'ऑल' ही पुरवणी लावून तीं मुद्दाम मागावीं लागतात. तीं कोणीं मागितलीं नव्हतीं. म्हणून त्यांच्याजवळ होतीं तीं अखेरचीं, उजळ केलेलीं व कडा कापलेलीं चित्रें. आणि ती कात्री मींच चालविली होती. पहिलीं चाळीस पृष्ठें पाहिलीं, समास कोरे दिसले, आणि एकच माप धरून सहाशेंच्या सहाशें पृष्ठांवर एका आज्ञेसरशीं कात्री फिरविली. वासना टिपल्या होत्या त्या पोथीच्या उत्तरार्धांत, अकरा पृष्ठांच्या समासांत. आमचें वाचन तोंवर १८० व्या पानापर्यंतच आलें होतें. छायाचित्रें घेतांना यवतमाळकरांनीं तीं अक्षरें ओझरतीं पाहिलीं होतीं म्हणून निदान तीं होतीं एवढें तरी आम्हांला कळलें.

मूळ पोथी तर आहे, मग घाई कशाची, असें म्हणून आम्हीं पावसाळा जाऊं दिला. ही दुसरी चूक. दिवाळीनंतर दारव्हा तालुक्यांतील त्या घरीं गेलों. दंडवत प्रणाम झाला, चहा झाला. पोथीचे मालक ऐंशीच्या पलीकडचे. पेटी पूर्वीं माळ्यावर असे ती दिसेना, म्हणून विचारलें. म्हणाले, "फोटू निघाले म्हून पेटी मांगच्या खोलीत ठेवली. तिले उधई लागली बरसातीत. पन तुमी काहून भेता, मास्तर? फोटू त तुमच्यापाशी हायेत ना?"

मीं काय उत्तर दिलें तें मला आठवत नाहीं. पेटी उघडली. उधईनें पोथीचा मधला भाग जवळजवळ सोडला होता. तिनें खाल्ल्या होत्या त्या कडा. अकरा पृष्ठांपैकीं तीन पृष्ठांचा समास शाबूत होता. त्यांचीं चित्रें तेथेंच ओसरीवर, उजेडांत धरून घेतलीं. आठ पृष्ठांच्या कडेची माती झाली होती.

आतां कोणी म्हणेल, एवढा खटाटोप हवा कशाला? चित्रें एका चकतीवर ठेवावीं, पाठ गिटमध्यें ठेवावा, दोहोंचा संबंधच तोडावा. मला हें पटत नाहीं. मी 'रव' वाचला तो कोणत्या चित्रावरून? उजळ केलेल्या, कीं मूळच्या? उजळ करतांना एक पुसट रेघ नाहींशी झाली असेल तर माझें वाचन तेवढ्यापुरतें संशयास्पद ठरतें. पाठाच्या नोंदींत चित्राचा ठसा असला पाहिजे, म्हणजे पन्नास वर्षांनीं कोणालाही तेंच चित्र काढून माझी चूक धरतां येईल. चिठ्ठी हवीच. नुसत्या चिठ्ठीनें भागत नाहीं, एवढेंच.

आम्हीं पुढें जी व्यवस्था केली ती थोडक्यांत सांगतों. जोई हेस यांनीं २०१० सालीं लिहिलेलें 'गिट-अॅनेक्स' नांवाचें एक साधन आहे. तेंही वहींत ठसाच ठेवतें, पण त्याबरोबर प्रत्येक चित्राची प्रत कोणकोणत्या चकतीवर आहे याचाही हिशेब ठेवतें. किमान प्रती किती असाव्या तें आपण त्याला सांगावयाचें. आम्हीं तीन सांगितल्या. त्यांतली एक काढूं गेलें तर बाकीच्या तीन खरोखर जागेवर आहेत कीं नाहींत हें तें आधीं पाहतें, आणि नसल्या तर काढूं देत नाहीं. माझ्यासारख्या आरंभशूराला असा हट्टी कारकून फार उपयोगाचा! ज्यांना एलएफएसच सोयीचें पडतें त्यांनीं तें खुशाल वापरावें. मात्र प्रत घेतांना 'ऑल' लावावें, आणि घेतलेल्या प्रतीचें वजन डोळ्यांनीं पाहावें. वजन पाहण्यास अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट मीं दोन वर्षें वांचविला.

दुसरा नियम आम्हीं स्वतःच घालून घेतला. कॅमेऱ्यांतून निघालेलें मूळ चित्र एकदांच आंत जातें. त्याला पुनः कोणी हात लावावयाचा नाहीं. उजळ करणें, कापणें, फिरविणें हें सर्व साधित काम. तें साधित चित्र वहींत ठेवीतच नाहीं. त्याची कृति ठेवतों. 'अमुक पृष्ठ, डावीकडून इतके ठिपके कापले, इतकें उजळ केलें' अशी एक ओळ. ओळ म्हणजे मजकूर. तो गिटला आवडतो. कृति बदलली तर एका ओळीचा फरक, आणि हवें तेव्हां मूळ चित्रावरून तेंच साधित चित्र पुनः करतां येतें. ही युक्ति आरंभींच सुचती तर साधित चित्रांच्या जागीं नुसत्या कृतीच्या ओळी राहिल्या असत्या व समासही राहिले असते. आज एक चकती येथें आहे, एक पुसदला, आणि तिसरी अमरावतीस एका स्नेह्यांच्या घरीं. वर्षांतून दोनदां तिन्हींवरील प्रत्येक चित्राचा ठसा नव्यानें काढून वहीशीं ताडून पाहतों. एकदां एक चित्र चुकलेलें निघालें. तें दुसऱ्या चकतीवरून घेतलें.

पोथी मालकांनीं नव्या पेटींत घातली आहे आणि पेटी पुनः माळ्यावर गेली आहे. पाठाचें काम २६० व्या पानावर आहे. त्या आठ पृष्ठांपैकीं दोहोंच्या समासांतील मजकूर यवतमाळकरांना आठवतो असें ते म्हणतात. तो आम्हीं वहींत घेतला आहे, त्यापुढें 'स्मरणावरून' असें लिहून त्यांचें नांव घातलें आहे, आणि चिठ्ठीच्या जागीं 'चित्र नाहीं' असें नोंदविलें आहे. उरलेल्या सहांची जागा कोरी ठेवली आहे.